सवलत कीं हक्क? रानांत राहणाऱ्यांचा प्रश्न

वैशाख सरत येतो, आकाशांत ढग जमूं लागतात, आणि ठाण्याच्या जांभळी नाक्यावर किंवा कल्याण स्टेशनाबाहेर एखादी वारली, ठाकूर अगर कातकरी बाई टोपली घेऊन बसलेली दिसते. टोपलींत शेवळांच्या जुड्या असतात आणि शेजारीं काकडांचा लहानसा ढीग. शेवळांची खाज जावी म्हणून भाजींत काकडें कां घालावीं लागतात, हें आमच्या बाजूच्या जुन्या गृहिणींना सांगावयास नकोच. थोडेच दिवस मिळणारी ही भाजी कोणी पेरीत नाहीं, कोणी लावीत नाहीं. पहिला पाऊस पडण्याच्या सुमारास ती रानांत आपोआप उगवते, आणि रानाच्या वाटा ज्यांच्या पायाखालच्या आहेत तींच माणसें ती हुडकून आणतात. आपण विचारतों, "मावशी, जुडी कशी दिलीत?" भाव ठरतो, आणि आपण घरीं येतों.

श्रोतेहो, ह्या व्यवहारांत एक प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. ज्या रानांतून ती जुडी आली तें रान सरकारी आहे. कित्येकदां तें अभयारण्य असतें, राष्ट्रीय उद्यान असतें. मग त्या बाईला तेथून शेवळें खुडण्याचा हक्क आहे, कीं कोणी तिच्याकडे काणाडोळा करतो म्हणून ती खुडते? आणि ज्या पाड्यांत ती राहते, ज्या तुकड्यावर तिचें घर नाचणी पेरतें, ती जमीन तिची आहे, कीं ती तेथें अतिक्रमण करून राहिली आहे? आज मला ह्याच प्रश्नाविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम आपल्या भोंवतालचें रान पाहूं. ठाणें शहराच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर आहेत. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून हें उद्यान सुमारें १०३ चौरस किलोमीटर पसरलें आहे. बोरिवलीच्या नांवानें तें प्रसिद्ध असलें तरी त्याचा अर्ध्याहून अधिक विस्तार ठाण्याच्या बाजूस आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. कल्याणच्या पुढें कसाऱ्याच्या वाटेवर शहापूर तालुका लागतो. तेथें तानसा तलावाच्या सभोंवार सुमारें तीनशें चौरस किलोमीटरांचें अभयारण्य आहे. हा तलाव १८९२ सालीं बांधून पुरा झाला आणि मुंबईची तहान भागवूं लागला. मुरबाडच्या बाजूस सह्याद्रीच्या माथ्याकडे भीमाशंकरचें अभयारण्य येऊन भिडतें. ह्या सर्व रानांत व त्यांच्या कडेस वारली, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर आणि कातकरी ह्यांचे पाडे आहेत. एकट्या येऊरला जांभूळपाडा, पाटोणापाडा, रोनाचा पाडा अशीं नांवें ऐकूं येतात. तेव्हां आपण ज्याला निर्मनुष्य अरण्य समजतों तें निर्मनुष्य कधींच नव्हतें.

ह्या माणसांचा रानाशीं संबंध कसला होता? मुख्यतः तो तीन प्रकारचा होता. पहिला संबंध राबाचा. भात आणि नाचणी लावण्यापूर्वीं रोपांसाठीं जमीन भाजावी लागते. त्यासाठीं ऐनासारख्या झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि शेण जमिनीवर पसरून पेटवीत. ह्याला राब म्हणतात. डहाळ्या मिळाल्या नाहींत तर रोप जोमदार येत नाहीं, असा ह्या भागांतील शेतकऱ्याचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव. दुसरा संबंध दळीचा. डोंगराच्या उतारावरील झुडूप तोडून जाळावयाचें, त्या राखेंत नाचणी किंवा वरई पेरावयाची, कांहीं वर्षांनीं तो तुकडा सोडून दुसरा धरावयाचा आणि पहिल्यावर पुन्हां रान वाढूं द्यावयाचें, अशी ही शेती. तिसरा संबंध गोळा करण्याचा. मोहाचीं फुलें, करवंदें, कंद, मध, डिंक, जळाऊ काटक्या आणि औषधी मुळ्या हें सर्व रानांतूनच यावयाचें.

कोणता डोंगर कोणत्या पाड्याचा, कोणत्या झाडाला हात लावावयाचा नाहीं, कोठें देव आहे म्हणून कुऱ्हाड चालवावयाची नाहीं, हें सर्वांना तोंडपाठ असे. वाघदेवाची लाकडी किंवा दगडी मूर्ति रानाच्या वाटेवर उभी असे, आणि वाघबारशीला तिची पूजा होई. ह्या सर्व व्यवहाराचा एकहि कागद नव्हता, परंतु वहिवाट होती.

कागद आला तो इंग्रजी राज्यांत. रेल्वेच्या रुळांखालीं घालावयास आणि इमारतींना लाकूड हवें होतें. १८६५ सालीं पहिला वनकायदा झाला व १८७८ सालीं दुसरा अधिक कडक कायदा आला. त्याप्रमाणें जंगल 'राखीव' ठरविण्यापूर्वीं एका अधिकाऱ्यानें लोकांचे हक्क ऐकून घ्यावेत, अशी योजना होती. वरवर पाहतां ही योजना न्यायाची दिसते. परंतु १९२७ च्या वनकायद्यांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, ठरलेल्या मुदतींत ज्या हक्काची मागणी झाली नाहीं तो हक्क नाहींसा झाला असें समजावें. डोंगरावरच्या ज्या माणसाला जाहीरनामा वाचतां येत नाहीं, आणि ज्याच्या पाड्यापर्यंत तो पोंचतहि नाहीं, त्यानें मुदतींत लेखी अर्ज कसा करावा? परिणाम व्हावयाचा तोच झाला. पुष्कळशी वहिवाट सरकारी दफ्तरांत 'हक्क' म्हणून चढलीच नाहीं. ती 'सवलत' म्हणून चढली.

ह्या दोन शब्दांतील अंतर फार मोठें आहे. हक्क काढून घ्यावयाचा तर कारण द्यावें लागतें, भरपाई द्यावी लागते आणि न्यायालयांत उत्तर द्यावें लागतें. सवलत मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. आज डहाळी तोडूं दिली, उद्यां मनाई केली, आणि तोडली म्हणून दंड केला, तरी तक्रार करावयास जागा राहत नाहीं. ठाणें आणि कुलाबा ह्या जिल्ह्यांत राबाच्या डहाळ्यांवरूनच इतका असंतोष माजला कीं, सरकारला १८८५ सालीं जंगलांच्या चौकशीसाठीं एक कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं बाहेर पडला. पुढें १९३८ सालीं सिमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें मुंबई इलाख्यांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली, तेव्हांहि सावकार, जमीनदार आणि जंगलखात्यांतील खालचे नोकर ह्यांच्या कचाट्यांत हे लोक कसे सांपडले होते, हें सरकारी कागदांतच नमूद झालें. १९४५ सालीं उंबरगांव आणि डहाणूच्या वारल्यांनीं वेठीविरुद्ध मान वर केली, ती ह्याच पार्श्वभूमीवर.

स्वातंत्र्य आलें, पण सवलतीची सवय गेली नाहीं. युद्धकाळांत धान्याची टंचाई होती, तेव्हां 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेंत जंगलांतील कांहीं तुकडे लागवडीला देण्यांत आले. ते एका वर्षाच्या करारानें दिले जात, म्हणून त्यांना 'एकसाली' म्हणत. एकसाली तुकडा दर वर्षीं नवा करून घ्यावयाचा असे. कराराचें नूतनीकरण थांबलें कीं काल सरकारनेंच ज्याला नांगर धरावयास सांगितलें तो आज अतिक्रमणदार ठरे. १९७८ च्या सुमारास राज्य सरकारनें जुनीं अतिक्रमणें नियमित करण्याचे आदेश काढले. परंतु १९८० सालीं वनसंवर्धनाचा केंद्रीय कायदा आला आणि वनजमिनीचा दुसरा कोणताहि उपयोग केंद्राच्या संमतीवांचून करतां येईनासा झाला. कित्येक प्रकरणें अर्ध्यावरच राहिलीं.

त्यापूर्वीं १९७२ सालीं वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला होता. अभयारण्य व राष्ट्रीय उद्यान हे शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों, पण ह्या कायद्यांत त्यांत भेद आहे. दोन्ही ठिकाणीं जिल्हाधिकाऱ्यानें लोकांचे हक्क तपासावयाचे असतात. अभयारण्यांत कांहीं हक्क चालूं ठेवण्याची मुभा आहे, म्हणून तानसाच्या रानांत तशी वाट मोकळी राहते. राष्ट्रीय उद्यानाची अंतिम घोषणा मात्र तेथील सर्व हक्क सरकारकडे आल्यावरच व्हावयाची असते. म्हणजे येऊरच्या डोंगरावर वहिवाटीला कायद्यांत जागाच उरली नव्हती. १९९७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें ह्या उद्यानांतील अतिक्रमणें काढण्याचा आदेश दिला आणि पुढील कांहीं वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. त्यांतील बहुतेक वस्ती शहराच्या वाढीबरोबर आलेली होती. परंतु उद्यानाच्या जन्माआधींपासून तेथें असलेल्या पाड्यांनाहि ह्या प्रकरणाची झळ लागली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अजूनहि पुरता मिटलेला नाहीं. काल आलेला आणि शंभर वर्षांपूर्वीं आलेला, ह्या दोघांना एकाच शब्दानें संबोधिलें कीं अन्यायाला आरंभ होतो.

मे २००२ मध्यें केंद्रीय वनमंत्रालयानें सर्व राज्यांना वनांतील अतिक्रमणें थोड्या महिन्यांत हटविण्यास लिहिलें. देशभर कल्लोळ उडाला आणि त्यांतून २००६ सालचा वनहक्क कायदा जन्मास आला. आदिवासींवर इतिहासांत अन्याय झाला, अशी कबुली ह्या कायद्याच्या प्रास्ताविकांतच दिलेली आहे. हा कायदा नवे हक्क देत नाहीं. जे पूर्वींपासून होते पण लिहिले गेले नाहींत, त्यांना तो मान्यता देतो. सवलतीचा शब्द खोडून हक्काचा शब्द लिहावयाचा, हें त्याचें मर्म आहे.

ह्या कायद्याची रीत समजण्यासारखी आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून जो आदिवासी वनजमीन कसतो त्याला, प्रत्यक्ष कसत असेल तितक्या आणि जास्तींत जास्त चार हेक्टर जमिनीचा हक्क मागतां येतो. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जमिनीखेरीज गौण वनोपज गोळा करण्याचा, गुरें चारण्याचा आणि साऱ्या गांवानें मिळून आपलें जंगल राखण्याचाहि हक्क मागतां येतो. शिकारीचा हक्क मात्र स्पष्टपणें वगळलेला आहे. दावा प्रथम ग्रामसभेपुढें येतो, नंतर उपविभागीय समितीकडे आणि शेवटीं जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जातो. पुरावा म्हणून सरकारी कागद चालतो. त्याचप्रमाणें जुनें घर, शेताचा बांध, स्मशान, देवाचें स्थान आणि गांवांतील वृद्धांची लेखी नोंदविलेली साक्षहि चालते. ज्या समाजाकडे कागद नव्हता त्याची आठवण कायद्यानें पुरावा म्हणून मानली, ही गोष्ट लहान नव्हे.

आतां हा कायदा अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत लागू पडतो काय? पडतो. वनजमिनीच्या व्याख्येंत दोहोंचा नांवानिशीं उल्लेख आहे. हक्कांची तपासणी पुरी होईपर्यंत कोणालाहि हुसकून लावतां येत नाहीं. वन्य प्राण्यांसाठीं एखादा भाग अगदीं मोकळा ठेवणें जरूर वाटलें तर तेंहि करतां येतें, पण त्याला अटी आहेत. आधीं हक्कांची मान्यता पुरी झाली पाहिजे. माणसांच्या वावरानें न भरून येणारी हानि होते, हें सिद्ध झालें पाहिजे. एकत्र राहण्याचा दुसरा मार्ग उरलेला नसला पाहिजे. पुनर्वसनाची योजना तयार असून तिला ग्रामसभेनें समजून उमजून लेखी संमति दिली पाहिजे, आणि नव्या जागीं सोयी पुऱ्या होईपर्यंत कोणाला हलवितां कामा नये. शिवाय असा मोकळा केलेला भाग पुढें दुसऱ्या कोणत्याहि कामास देतां येत नाहीं. वाघरासाठीं माणूस उठविला आणि नंतर त्याच जागेंतून दुसऱ्याच कामाचा रस्ता नेला, असें होऊं नये म्हणून ही शेवटची अट घातली आहे.

ह्यावर सुशिक्षित नागरिक दोन शंका घेतात आणि त्या उडवून लावण्यासारख्या नाहींत. पहिली शंका अशी कीं, ठाण्याला जमिनीचा भाव काय आहे हें आपण जाणतों, तेव्हां आज हक्क दिला तर उद्यां तेथें इमारत उभी राहील. ह्याचें उत्तर कायद्यांतच आहे. हा हक्क वारसानें मुलांकडे जातो, पण विकतां येत नाहीं कीं दुसऱ्याच्या नांवें करून देतां येत नाहीं. तो पतिपत्नींच्या संयुक्त नांवानें दिला जातो. ज्या जमिनीला विकण्याची मोकळीक नाहीं तिच्यावर इमारत चढण्याची भीति कमी असते. येऊरला जाऊन पाहणाऱ्याला पाड्यांच्या शेजारीं शहरवासीयांचे बंगले दिसतात. डोंगराला भार कोणाचा अधिक होतो, हें त्यानें स्वतःच ठरवावें.

दुसरी शंका बिबट्याची आणि झाडांची. माणूस राहिला कीं रान जाईल, असें आपणांस वाटतें. ही समजूत परकी आहे. १८७२ सालीं अमेरिकेंत यलोस्टोन हें पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें आणि तेथें शिकार करून जगणारे शोशोनी, बॅनॉक इत्यादि मूळ रहिवासी पुढें त्या भूमींतून दूर सारले गेले. तोच नमुना जगभर गेला. परंतु अलीकडे जगाचा विचार पालटत आहे. केनियांतील माऊच्या अरण्यांतून ओगिएक लोकांना काढण्याच्या प्रकरणीं आफ्रिकेच्या मानवी हक्क न्यायालयानें २०१७ सालीं त्यांच्या बाजूनें निकाल दिला. आपल्याच देशांत कर्नाटकांतील बिळिगिरीरंगन डोंगरावर, व्याघ्रप्रकल्पाच्या आंत, सोलिगांचे सामूहिक वनहक्क २०११ सालीं मान्य झाले. गडचिरोलींतील मेंढा-लेखा ह्या गोंड गांवाला २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि आपल्या जंगलाचे नियम तें गांव सभेंत बसून ठरवितें.

ह्याचा अर्थ आदिवासी असला कीं रान आपोआप राखलें जातें, असा मात्र नव्हे. पाड्यांतहि लोकसंख्या वाढते, वणवा हातून सुटतो, खोटे दावेहि येतात. परंतु ज्याचा हक्क उद्यां राहील कीं नाहीं ह्याची शाश्वती नाहीं, तो आज मिळेल तें ओरबाडतो. नातवाच्या नांवावर रान राहणार आहे हें ज्याला ठाऊक आहे, तो डहाळी तोडतांना बुंधा राखतो. म्हणूनच कायद्यानें हक्काबरोबर कर्तव्यहि घातलें आहे. वन्य प्राणी, पाणवठे आणि जंगल ह्यांचें रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे.

मग अडतें कोठें? पुष्कळसें अंमलबजावणींत अडतें. अर्ज अपुरे ठरतात, मोजणी होत नाहीं, दावा फेटाळला तर कारण कळत नाहीं. १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनांतून काढावें असा आदेश दिला. १५ दिवसांनीं, २८ फेब्रुवारीला, त्यास स्थगिति देऊन राज्यांनीं दावे कोणत्या रीतीनें फेटाळले ह्याची माहिती मागविली. म्हणजे दावा नीट ऐकिला गेला कीं नाहीं, ह्यावर एका घराचें छप्पर अवलंबून असतें.

आमच्या भागांत आणखी एक विशेष अडचण आहे. ठाण्याची महानगरपालिका १९८२ सालीं झाली आणि येऊर तिच्या हद्दींत आलें. कायदा ग्रामसभेची भाषा बोलतो, आणि येथें तर ग्रामपंचायतच नाहीं. परंतु कायद्यांतील 'गांव' ह्या शब्दाची व्याख्या रुंद आहे. वनग्रामें, जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेलीं गांवें, मग तीं अधिसूचित असोत वा नसोत, हीं सर्व तींत येतात. शहरानें कुशींत घेतलेला जुना पाडा हीहि जुनी वस्तीच होय. शहराची सीमा पुढें सरकली म्हणून पाड्याचें वय कमी होत नाहीं, असें माझें नम्र मत आहे.

श्रोतेहो, ह्या प्रश्नांत आपण तिऱ्हाईत नाहीं. तानसाचें पाणी मुंबईच्या घरांत येतें, येऊरची हवा ठाणेंकरांना मिळते, आणि रविवारीं आपण त्याच रानांत फिरावयास जातों. रान राखलें गेलें त्याचा लाभ आपल्या पदरांत पडला आणि मनाईचा दंड मात्र पाड्यानें भरला. निदान इतकें तरी आपल्या हातीं आहे कीं, 'अतिक्रमण' हा शब्द उच्चारण्यापूर्वीं तेथें आधीं कोण आलें, हें आपण विचारावें. वर्तमानपत्रांत एखादा पाडा हलविण्याची बातमी आली तर दोन गोष्टी पाहाव्यात : त्यांच्या दाव्यांचा निकाल लागला काय, आणि त्यांच्या सभेनें संमति दिली काय.

येत्या पावसाच्या तोंडीं पुन्हां शेवळें येतील. टोपलीमागें बसलेल्या त्या मावशींना आपण भाव विचारूं, तेव्हां ती जुडी कोणाच्या मेहरबानीनें आलेली नसून त्यांच्या हक्काची आहे, असें म्हणतां यावें. त्यासाठीं जो कायदा हवा होता तो झालेला आहे. आतां त्याप्रमाणें त्यांचें नांव कागदावर चढावयाचें तेवढें उरलें आहे.